दोराचं खालचं टोक

"काका, ग्रिग्री घेऊ की एटीसी?"

पनवेलजवळच्या खांदा कॉलनीतल्या आमच्या सोसायटीतली ही मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेली दोन वर्षं ती रविवारी पहाटे खांदेश्वर स्टेशनवर लोकल पकडते, तिसऱ्या स्टेशनवर बेलापूरला उतरते आणि तिथल्या दगडांवर दुपारपर्यंत बोल्डरिंग करते. या भागातल्या मुलांना हा नाद लागावा यात नवल नाही. गिरिविहार ही १९५४ पासूनची मुंबईची गिर्यारोहण संस्था. तिनं २०१६ आणि २०१७ मध्ये बोल्डरिंगचा विश्वचषक नवी मुंबईत भरवला होता. बोल्डरिंगला दोर लागत नाही. दगड दोन माणसं उंच, खाली जाड गादी, आणि पडलात तर मित्र सावरतात. पण दोन वर्षांत हात तयार झाले, नजर वर गेली, आणि आता तिला लांब दोराचं प्रस्तरारोहण शिकायचं आहे. बूट आहेत, हार्नेस घेतला आहे. राहिलं बिले डिव्हाइस.

बिले म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळणं. तो चढेल तसा दोर सोडायचा, जास्त झाला तर ओढून घ्यायचा, आणि तो पडला तर त्याच क्षणी दोर जागच्या जागी थांबवायचा. हे काम करणारा तो बिलेअर, आणि त्याच्या हार्नेसला कॅरॅबिनरनं, म्हणजे उघडत्या कडीनं, अडकवलेली, दोर ज्यातून जातो ती मूठभर धातूची वस्तू म्हणजे बिले डिव्हाइस. दुकानात ती दहा-बारा प्रकारची मिळते. प्रत्येकीच्या वेष्टनावर ती सर्वांत सुरक्षित असल्याचं लिहिलेलं असतं.

मी तिला म्हटलं, "आधी गच्चीवर चल. येताना घरातला वीस लिटरचा पाण्याचा जार घेऊन ये. भरलेला."

गच्चीवर टाकीच्या शेजारी छातीच्या उंचीवर एक गुळगुळीत आडवा पाइप आहे. जाराला दोर बांधला, दोर नुसता पाइपवरून टाकला आणि दुसरं टोक तिच्या हातात दिलं. जार जमिनीपासून वीतभर वर उचलून धरायला सांगितला. भरलेला जार वीस किलोचा. पण तिला हाताला जाणवलं ते वजन त्याच्या निम्म्यापेक्षा थोडंच जास्त होतं. मग पाइपाला एक पूर्ण वेढा मारला. आता सहा किलोच्या पिशवीएवढा जोर पुरला. दोन वेढ्यांनंतर तिनं दोर दोन बोटांत धरला आणि जार हलला नाही.

हा हिशेब कागदावरही मांडता येतो. दोर आणि धातू यांच्यातल्या घर्षणाचा गुणांक ०.२ धरला, तर अर्ध्या वेढ्यात हातावरचा भार जवळजवळ निम्मा होतो, एका वेढ्यात साडेतीन पटींनी कमी होतो आणि दोन वेढ्यांत बारा पटींनी. वेढे बेरजेनं वाढतात, धरण्याची ताकद गुणाकारानं वाढते. पनवेल हे एके काळचं बंदर. धक्क्यावरच्या खुंटाला दोन वेढे मारून एकटा खलाशी भरलेला मचवा धरून ठेवतो, ते याच जोरावर. बाजारातलं कुठलंही बिले डिव्हाइस घ्या, त्याच्या पोटात हा खुंट आहे. दोराला वळणं द्यायची, ती वळणं हवी तेव्हा सैल करायची आणि हवी तेव्हा आवळायची, एवढंच ते करतं. आवळायचं काम कोण करतं, माणसाचा हात की यंत्रातली कळ, इथून पुढचा सगळा फरक सुरू होतो.

आता जाराच्या जागी माणूस ठेवून पाहू.

ओल्या-कोरड्या, नव्या-जुन्या दोरावर माणसाच्या मुठीची पकड साधारण वीस ते चाळीस किलो वजनाएवढी. पहिला चढणारा, म्हणजे लीड करणारा, दोर अडकवलेल्या शेवटच्या मेखेच्या किंवा बोल्टच्या वर दोन मीटर असताना निसटला तर तो चार मीटर पडतो, वर दोराचा ताण येतो तो वेगळा. अशा साध्या पडण्यातही बिलेअरच्या बाजूच्या दोरावर चढणाऱ्याच्या वजनाच्या दीडपट-दुप्पट ओढ सहज येते. नुसत्या मुठीत ती मावत नाही.

पडणं किती कठोर हे उंचीवरून ठरत नाही, हे नवख्याला पटवायला वेळ लागतो. पडण्याची लांबी भागिले वापरात असलेल्या दोराची लांबी, हा आकडा महत्त्वाचा. दहा मीटर दोर बाहेर असताना चार मीटर पडलात तर आकडा ०.४ येतो, लांब दोर रबरासारखा ताणून धक्का पिऊन टाकतो. पण सुळक्याच्या मधल्या टप्प्यावर बिलेअर उभा आहे, लीड करणारा त्याच्या वर तीन मीटर गेला, अजून एकही बोल्ट क्लिप झालेला नाही, आणि तो पडला, तर तो बिलेअरला ओलांडून एकूण सहा मीटर जातो. दोर फक्त तीन मीटर. आकडा २, म्हणजे या हिशेबातला सर्वांत वाईट. उंची जेमतेम दोन मजले, आणि तरी धक्का साठ मीटर वर पडण्यापेक्षा मोठा. शिवाय ओढ येते ती वरून येत नाही, अचानक खालून येते. बिले डिव्हाइस निवडताना डोळ्यांसमोर हा प्रसंग असला पाहिजे. भिंतीवरच्या सरावात वरून दोर असतो, तेव्हा पडणं म्हणजे नुसतं लोंबकळणं. दहीहंडीत सर्वांत वरच्या थरावरच्या गोविंदाच्या कमरेला जो सुरक्षा दोर बांधतात, तोही याच जातीचा: थर कोसळले तरी तो फारसा पडत नाही, हवेत राहतो. तिथंही दोर धरणाऱ्याला थरांबरोबर दोर घेत जावं लागतं. पण लीड क्लाइंबिंगचा बिले त्याहून फार वेगळा, फार सावध.

जुन्या पिढीनं हे सगळं कमरेवर केलं. दोर पाठीमागून कमरेला वळसा घालून घ्यायचा, जाड कपडे आणि हातमोजे घालायचे, आणि पाय रोवून बसायचं. घर्षण अंगाचं, भाजणारी कातडीही आपलीच. दोर तागाचे असेपर्यंत लीड करणाऱ्यानं पडायचंच नाही हा नियम होता, कारण दोरच तुटत. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आला, १९५३ मध्ये जर्मनीच्या एडेलरिड कंपनीनं गाभा आणि विणलेलं आवरण असलेला दोर काढला, आणि दोर माणसापेक्षा मजबूत झाला. मग दुबळा दुवा उरला तो बिलेअरचा हात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस फ्रिट्झ श्टिष्ट या जर्मन माणसानं खाचा पाडलेली एक धातूची चकती बनवली. दोर दुमडून खाचेतून काढायचा आणि कॅरॅबिनरमध्ये अडकवायचा. त्याच सुमारास स्वित्झर्लंडचा वाटाड्या वर्नर मुंटर यानं एका गाठीचा प्रसार केला, जिला आपल्याकडे कोणी मुंटर म्हणतं, कोणी इटालियन हिच. तिला डिव्हाइस लागतच नाही, मोठ्या तोंडाचा एक कॅरॅबिनर पुरतो. चकतीची पुढे नळी झाली. ब्लॅक डायमंडनं १९९३ मध्ये आपल्या नळीला एअर ट्रॅफिक कंट्रोलर असं नाव दिलं, त्याचंच एटीसी. आणि आता कुठल्याही कंपनीची नळी असली तरी मुलं तिला एटीसीच म्हणतात. त्याच्या दोन वर्षं आधी, १९९१ मध्ये, फ्रान्सच्या पेट्झल कंपनीनं ग्रिग्री काढलं होतं. त्यात एक फिरती कळ असते. दोराला झटका बसला की ती फिरते आणि दोर चिमटते, मोटारीतला सीटबेल्ट झटक्यानं अडतो तसा. ग्रिग्री हा पश्चिम आफ्रिकेतल्या ताइताला असलेला शब्द.

या ताइताच्या नावानं पुष्कळ गैरसमज झाले आहेत. ग्रिग्री आपोआप थांबवतं, म्हणून हात सोडला तरी चालतं, असं मानणारे बिलेअर मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या दोरावर मी चढत नाही. कंपनीही त्याला आपोआप थांबवणारं म्हणत नाही. थांबवायला मदत करणारं म्हणते. दोर उलटा घातला तर कळ अडत नाही. घाईत दोर देताना अंगठ्यानं कळ दाबून धरली आणि नेमका तेव्हाच माणूस पडला, तर कळ अडत नाही. घाबरून खाली उतरवायचा दांडा ओढून धरला तर दोर सरसर निघून जातो. म्हणून २०१७ च्या ग्रिग्री प्लसमध्ये दांडा फार ओढला की पुन्हा अडेल अशी सोय केली. खालचा, म्हणजे ब्रेकचा दोर हातात पाहिजे. नळीत पाहिजे तसाच ग्रिग्रीतही पाहिजे.

मग सह्याद्रीत काय घ्यावं? युरोपातल्या पुस्तकांतून या प्रश्नाचं उत्तर उचलून आणता येत नाही, कारण दगड वेगळा आहे.

आपला कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक थर. एक थर टणक, त्यावरचा ठिसूळ, मध्ये गवताची पट्टी, मुरूम आणि घसारा. वर गेलेल्या माणसाच्या पायाखालून, दोराच्या घासण्यानं, नाहीतर एखाद्या वानरानं उडी मारली म्हणूनही दगड सुटतात. एका घळीच्या तोंडाशी मी बिले देत उभा होतो. वरून "दगड!" अशी आरोळी आली आणि नारळाएवढा धोंडा माझ्या डाव्या खांद्यापासून हातभर अंतरावर फुटला. माझा डावा हात आपोआप डोक्यावर गेला होता. उजवा दोरावर होता. दोन्ही हात डोक्यावर जाणं तितकंच साहजिक होतं, आणि तेव्हा माझ्या हार्नेसवर नळी होती, तिच्यात कळ नाही. वरच्या मित्राला हे मी खाली उतरल्यावर सांगितलं. आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही.

दुसरी गोष्ट मधमाश्या. खांदा कॉलनीतून मुंबई-गोवा रस्त्यानं निघालं की थोड्या वेळात कर्नाळ्याचा अंगठा दिसायला लागतो. गड साडेचारशे मीटरच्या आतबाहेर उंचीचा, आणि त्याच्या माथ्यावरचा तो बेसाल्टचा सुळका सुमारे सव्वाशे फूट. त्याच्या कपारींत आग्या माश्यांची पोळी लोंबतात. पक्षी अभयारण्याचा भाग असल्यानं तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय काही करायचं नाही, आणि माश्या असतील त्या दिवसांत परवानगी असली तरी करायचं नाही. पण आग्या माश्या कर्नाळ्यापुरत्या नाहीत. आपल्या बहुतेक कड्यांवर त्या कुठे ना कुठे असतात. त्या उठल्या की लीड करणारा वर अडकलेला, आणि खाली बिलेअरच्या चेहऱ्यावर, कानात, मानेवर माश्या. त्या क्षणी कोणाचा हात दोरावर राहील याची शपथ मी कोणाच्याही वतीनं घेणार नाही. माझ्याही नाही.

म्हणून माझं मत असं बनलं आहे की बिले डिव्हाइस निवडताना बिलेअर चांगला असताना काय होईल हे पाहायचं नाही. त्याला दगड लागला, माशी चावली, उन्हानं चक्कर आली, तर काय होईल हे पाहायचं. या कसोटीला कळ असलेलं डिव्हाइस उतरतं. सह्याद्रीत लीड करणाऱ्याला बिले द्यायचा तर ग्रिग्री किंवा त्याच्या जातीचं एखादं कळीचं डिव्हाइस हवं, असं मी आता म्हणतो. वीस वर्षांपूर्वी म्हणत नव्हतो.

"म्हणजे ग्रिग्रीच घेऊ," ती म्हणाली.

"थांब. खाली कशी उतरणार?"

इथं सुळका आणि बेलापूरचा दगड यांच्यातला फरक येतो. आपल्या सुळक्यांवरून परत येण्याचा एकच मार्ग, रॅपलिंग. वरच्या बोल्टमधून दोर अर्धा ओवायचा, दोन्ही पदर खाली सोडायचे, दोन्ही पदरांवरून उतरायचं आणि खाली आल्यावर एक पदर ओढून दोर काढून घ्यायचा. ग्रिग्रीतून एकच पदर जातो. दोन पदरांसाठी नळी बरी, दोन खाचांची. शिवाय नळीच्या पाठीला एक जादा कडी असलेला प्रकार मिळतो, पेट्झलचं रिव्हर्सो, ब्लॅक डायमंडचं एटीसी गाइड. ती कडी वरच्या अँकरला अडकवली की खालून येणाऱ्या दुसऱ्या आरोहकाचा दोर ओढून घेता येतो, आणि तो निसटला तर त्याच्याच वजनानं दोर दोराखाली दबून अडतो. तीन जणांचा संघ असेल तर दोघांना एकदम वर घेता येतं. रिव्हर्सोचं वजन ५७ ग्रॅम, ग्रिग्रीचं १७५. किमतीतही मोठा फरक.

तेव्हा पहिली खरेदी गाइड मोड असलेली, म्हणजे जादा कडीची, नळी. ती स्वस्त आहे, ती सगळी कामं करते, आणि मुख्य म्हणजे ती हात शिकवते. नळीवर चूक झाली की दोर लगेच सांगतो. ब्रेकचा दोर खाली मांडीकडे असला की वळण तीव्र राहतं आणि पकड बसते. हात वर येऊन दोन्ही दोर समांतर झाले की खुंटाचा वेढाच सुटल्यासारखा होतो. हे गच्चीवर जार लावून दहा मिनिटांत हाताला कळतं. नळीवर सहा महिने गेलेला हात ग्रिग्रीवर बेफिकीर होत नाही. उलट दिशेनं आलेल्यांचा होतो, असा माझा अनुभव आहे.

तिच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी होत्या. ती डावरी आहे. नळीला डावं-उजवं नसतं. ग्रिग्रीची रचना मात्र ब्रेकला उजवा हात धरून केलेली आहे. डावऱ्यांनी ते वापरताना उजव्या हाताला ब्रेकची सवय लावून घ्यावी लागते, आणि ती सवय सुरुवातीपासूनच आणि सावकाश लावावी, घाईच्या प्रसंगी नव्हे. दुसरी गोष्ट वजनाची. ती अट्ठेचाळीस किलोची, तिचा जोडीदार ऐंशीच्या जवळ. तो पडला तर ती उचलली जाणार आणि पहिल्या बोल्टवर जाऊन आदळणार; तिथं डिव्हाइसही दगडावर आपटू शकतं. अशा जोडीत बिलेअरला खालच्या दगडाला किंवा झाडाला स्लिंगनं बांधून ठेवतात, थोडी ढील देऊन. एडेलरिडचं ओम नावाचं एक यंत्रही आहे. ते पहिल्या बोल्टला लावलं की पडताना दोराला तिथंच बरंच घर्षण मिळतं. कळ असलेलं डिव्हाइस या जोडीला नक्कीच बरं, कारण हलका बिलेअर हवेत फेकला गेला की सर्वांत आधी हात सुटतो.

दोराचं माप. यात आपल्याकडे फार चुका होतात. क्लबचा दोर साधारणपणे साडेदहा-अकरा मिलीमीटरचा, वर्षानुवर्षं लाल मातीत लोळलेला, फुगलेला, केस निघालेला. असा दोर कळीच्या डिव्हाइसमधून पुढे सरकतच नाही. मग बिलेअर वैतागून अंगठ्यानं कळ दाबून ठेवतो आणि वर सांगितलेली चूक घडते. उलट कोणी परदेशातून साडेनऊचा नवा, मेणासारखा गुळगुळीत दोर आणतो आणि जुन्या रुंद नळीतून वापरतो, तेव्हा तो धरता धरता हात भाजतो. आताच्या ग्रिग्रीवर ८.५ ते ११ मिलीमीटर असं कोरलेलं असतं, प्रत्येक नळीवरही तिचं माप असतं. दोर आणि डिव्हाइस यांची जोडी बघून घ्यायची, एकट्या डिव्हाइसला अर्थ नाही. आणि रॅपलिंगचा स्टॅटिक दोर लीडसाठी कधीही वापरायचा नाही, कितीही चांगलं डिव्हाइस लावलं तरी. तो ताणत नाही, धक्का जसाच्या तसा कमरेवर येतो.

एक बाजू मी मुद्दाम मागे ठेवली होती. कळ असलेलं डिव्हाइस दोर ताबडतोब धरतं, जवळजवळ न सरकू देता. नळीतून जोराच्या झटक्याला थोडा दोर सरकतो आणि धक्का मऊ होतो. चांगल्या नव्या बोल्टवर हा फरक सोडून द्यावा. पण आपल्या कित्येक जुन्या सुळक्यांवर तीस-चाळीस पावसाळे खाल्लेल्या मेखा आहेत, हातानं हलवल्या तर हलणाऱ्या. पडणाऱ्याचा आणि बिलेअरचा, असे दोन्ही ताण वरच्या मेखेवर येतात. कॅरॅबिनरचं घर्षण वजा जाता पडणाऱ्याच्या बाजूच्या ताणाच्या सुमारे दीडपटीहून थोडा जास्त भार तिला सोसावा लागतो. अशा मेखांच्या मार्गावर कसलेला बिलेअर नळी घेतो आणि चढणारा पडताना एक पाऊल पुढे टाकून धक्का पिऊन टाकतो. पण कसलेला बिलेअर, आणि दगड सुटण्याची भीती नसलेली जागा, अशा दोन्ही गोष्टी एकत्र हव्यात. नवख्यानं अशा मार्गावर जायचंच नाही.

बाकी बारीक गोष्टी. युरोपीय मानक ईएन १५१५१, त्याचा पहिला भाग कळीच्या डिव्हाइससाठी आणि दुसरा हातानं धरायच्या नळ्यांसाठी. तो आकडा वस्तूवर कोरलेला हवा. नामांकित कंपन्यांची नक्कल बाजारात येते, म्हणून अधिकृत विक्रेता सोडून कुठूनही घेऊ नये, आणि वापरलेलं तर अजिबात नको. त्यानं काय भोगलं आहे हे अॅल्युमिनियम सांगत नाही. सोबतचा कॅरॅबिनर मोठ्या तोंडाचा, लॉकचा, त्यावर वर्तुळातलं इंग्रजी एच अक्षर असलेला. आपल्या दोरात बेसाल्टची बारीक माती असते आणि ती कानशीसारखी चालते. दोन-तीन हंगामांत नळीच्या कडेला खाच पडते, खाचेची धार निघते. नख फिरवून पाहायचं. धार लागली की डिव्हाइस निवृत्त करायचं, कोणाला द्यायचं नाही. लांब रॅपल झरझर करून थांबलात तर नळी इतकी तापते की हात लावता येत नाही. दोरावर ती तशीच टेकवून ठेवू नये, नायलॉन वितळायला सव्वादोनशे अंशांच्या आसपास लागतं आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून तो दुबळा व्हायला लागतो.

पावसाळ्यात धबधब्याखाली रॅपलिंग केलेल्या प्रत्येकानं आठच्या आकड्याचं डिसेंडर हाताळलेलं असतं, आणि घरी तेवढंच असतं. त्याच्यावर लीडचा बिले द्यायचा मोह टाळावा. ते उतरायला बनवलं आहे, दोर मोकळा सोडायला. धरायला ते कमी पडतं आणि दोराला पीळ पाडतं.

दुकानातून तिनं रिव्हर्सोच्या जातीची नळी आणली, एच अक्षराचा कॅरॅबिनर आणला. ग्रिग्रीचे पैसे साठवायचे ठरलं, नोव्हेंबरमध्ये हंगाम सुरू होण्याआधी. नळी हातात आल्यावर मी ती तिच्या हातून घेतली आणि खिशात टाकली.

"समज, दुसऱ्या टप्प्यावर ही खाली पडली. आता?"

मुंटर गाठ तिला तीन वेळा दाखवावी लागली. दोराची एक फेरी, मग तशीच दुसरी, दोन्ही पुस्तक मिटावं तशा एकमेकींवर दुमडून कॅरॅबिनरमध्ये. ही गाठ ओढली की उलटते आणि दोन्ही दिशांना धरते. दोराला मोडी पडतात, म्हणून रोज वापरायची नाही. पण डिव्हाइस हरवलं म्हणून सुळक्यावर कोणी अडकून पडायचं कारण उरत नाही. चौथ्यांदा तिनं ती डाव्या हातानं, न बघता, पाठीमागे हात नेऊन बांधली.

शेवटची परीक्षा आम्ही नळीवर घेतली. तिला कठड्याला स्लिंगनं बांधलं. जाराचा दोर पाइपवरून तिच्या हार्नेसवरच्या नळीत, ब्रेकचा दोर डाव्या मुठीत, जार वीतभर वर. तिला समोर बघायला सांगितलं, दूर प्रबळगडाच्या बाजूला. मग मी मागून गेलो आणि बर्फाच्या पाण्यात बुडवलेला फडका तिच्या मानेवर टाकला.

ती किंचाळली. उजवा हात मानेकडे गेला, फडका उडाला, खाली सिमेंटवर पडला. जार वीतभर वरच होता.

"काका, पुन्हा," ती म्हणाली. "आणि आताही कधी टाकणार ते सांगू नका."